भाताबरोबर गेलेलं

मिरजेच्या आहार-चेता प्रयोगशाळेतल्या भिंतभर पडद्यावर स्वयंसेवकांच्या रक्तातल्या साखरेच्या रेघा गुण्यागोविंदानं सपाट धावत होत्या. दर पंधरवड्याला मात्र त्यातल्या निम्म्याहून अधिक रेघा एकदम उसळत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शहाण्यासारख्या खाली बसत. डॉ. शरयू घाणेकरांनी आधी यंत्राला दोष दिला, मग यंत्र बसवणाऱ्याला.

"यंत्राचं काही चुकलेलं नाही, शरयूताई," डॉ. बशीर मुजावर म्हणाले. मेंदूच्या पेशींवर काम करण्यात त्यांची हयात गेली होती. "पंचांग बघा. त्या दिवशी एकादशी असते."

शरयूनं कपाळावर हात मारून घेतला. भात, पोळी, भाकरी आणि साखर बंद, असं तिनं स्वयंसेवकांना बजावलं होतं आणि ती प्रामाणिक माणसं ते काटेकोर पाळत होती. एकादशीला ती 'आज उपवास, काही खाल्लं नाही' असं कळवत आणि बशीभर साबुदाण्याची खिचडी, वर रताळ्याचा कीस खाऊन ढेकर देत. एकादशी अन् दुप्पट खाशी, ही म्हण काही उगाच पडलेली नाही. उपवासाचं खाणं हे मुळी खाणंच नव्हे, ही समजूत या मातीत इतकी मुरलेली होती, की प्रयोगाची आखणी करताना खुद्द शरयूच्याही ते ध्यानात आलं नव्हतं.

प्रयोग होता 'स्नेहदीप' नावाच्या गोळीचा. पिष्टमय पदार्थ सोडायचे हे बोलायला सोपं असतं. खरी परीक्षा असते ती पहिल्या आठवड्यात. डोकं ठणकतं, अंगातलं त्राण जातं, घरच्यांवर विनाकारण वसकन ओरडलं जातं. मीठ-पाणी वाढवा, तुपाला भिऊ नका, एवढं सांगून तज्ज्ञ मोकळे होतात आणि नवखा माणूस चौथ्या दिवशी भाताच्या पातेल्यापाशी सापडतो. मेंदूला पिष्टातून येणाऱ्या साखरेची सवय असते. चरबीवर चालायला तो वेळ घेतो. स्नेहदीप हा बदल एका संध्याकाळीत घडवून आणत असे. गोळी पहिल्यांदा शरयूनं स्वतः घेतली होती. नवरा मुकुंद कॉलेजात भूगोल शिकवायचा. घरात दोन स्वयंपाक नकोत म्हणून तोही बरोबर सामील झाला होता. गोळी सुरू करून आता तीन महिने होत आले होते. शरयूचं वजन उतरलं होतं आणि तिला स्वतःलाच नवल वाटावं इतकी ती आनंदात होती.

"रेघांचं सोडा," बशीरभाई म्हणाले. "मला काळजी लागलीय ती आपल्या स्वयंसेवक कमलताई माळींची. जावेशी त्यांचा अबोला होता, गोळी सुरू झाल्यावर गूळपीठ जमलं. पण दर एकादशीला दुपारी जावेच्या दारात जाऊन भांडतात आणि द्वादशीला परत तिच्याकडंच चहाला जातात. जाऊबाई वेडी व्हायची पाळी आली बघा."

"म्हणजे भांडण विसरतात?"

"विसरत नाहीत, त्यांना ते सापडत नाही. आठवण लिहिली गेली तेव्हा पेशी कुठल्या इंधनावर चालली होती, याची खूण त्या आठवणीवर राहते. पिष्टावर लिहिलेलं पिष्टावर वाचता येतं, चरबीवर लिहिलेलं चरबीवर. याला मी इंधनबद्ध स्मृती म्हणतो. नाव, भाषा, घर, धंदा हे रोज वापरात असल्यामुळं दोन्हीकडं उतरतं. जे मनात ठेवलं, कुणाशी बोललं गेलं नाही, ते मागंच राहतं."

"मग गोळीशिवाय हा आहार करणाऱ्यांना असं का होत नाही?"

"त्यांच्यात दोन्ही इंधनं आठवडाभर एकदम जळतात. तेवढ्या वेळात जुन्याची नक्कल नव्यात होते. डोकं उगाच ठणकत नाही, ताई. तिथं घर हलवण्याचं काम चाललेलं असतं. आपण तो त्रास समजून काढून टाकला."

 जो प्रश्न विचारणं भाग होतं तो शरयूनं विचारला. "मी काय विसरलेय?"

"ते तुम्हाला आतून कळायचं नाही. पिष्ट खाऊन बघा. तासाभरात इंधन पालटेल. पण मग गेल्या तीन महिन्यांतलं निसटेल, आजचं हे बोलणंसुद्धा. तेव्हा खाताना सगळं मोठ्यानं बोलत राहा. जे बोलाल, ऐकाल, ते नवीन इंधनात उतरेल."

घरी येऊन शरयूनं साबुदाणा भिजत घातला. तो भिजेपर्यंत तिनं मुकुंदला सगळी हकीकत सांगितली. मुकुंद ऐकत होता आणि त्याचा चेहरा हळूहळू उतरत होता.

"राहू दे ना, शरयू. सुखाचा जीव दुःखात कशाला घालतेस?"

"दुःखच निघेल हे कशावरून?"

"नाही, म्हणजे... चांगलं चाललंय आपलं. कशाला उकरून काढायचं?"

शरयू शास्त्रज्ञ होती. समोरच्या पुराव्याकडं डोळेझाक करणं तिला जमण्यासारखं नव्हतं. भिण्यासाठी आठवण असावी लागते. ज्याला तिच्यासारखंच काही आठवत नाही, तो माणूस इतका कशाला घाबरेल?

"तू गोळी घेत नाहीस," ती म्हणाली.

मुकुंदनं मान खाली घातली. पहिल्या दिवशीच त्यानं ती बेसिनमध्ये टाकली होती. घरी तो तिच्याबरोबर पनीर आणि पालेभाजी खायचा, पण रोज दुपारी कॉलेजच्या कँटीनमध्ये आमटीभात चापत होता. "आधी निव्वळ भातासाठी," तो म्हणाला. "मग तू काय विसरलीस ते बघितलं आणि गप्प बसलो."

शरयूनं खिचडी परतली, ताटलीत घेतली आणि खायला बसली. घास चावता चावता ती बोलत राहिली: इंधन, आठवणी, कमलताई, न घेतलेली गोळी. एकच पाठ तिनं पुन्हा पुन्हा म्हटला. मुकुंद समोर बसून होता.

तासाभरात ते आलं. कसलाही गाजावाजा न होता, कालपर्यंत होतंच अशा थाटात आलं. दोन वर्षांपूर्वी गुवाहाटीच्या एका संशोधन संस्थेनं तिला प्रमुखपद देऊ केलं होतं. फोन मुकुंदनं घेतला होता आणि तिला न विचारता, 'तिला जमणार नाही, घरात माझी आई आजारी असते,' असं परस्पर सांगून टाकलं होतं. तिला ते कळलं तेव्हा जागा भरली गेली होती; सासूबाई तर वर्षभरातच गेल्या. ती भांडली नव्हती. तिनं मनात ठेवलं होतं आणि ते मनात कुजत गेलं होतं. गोळी सुरू करण्याच्या आदल्या दिवशी तिनं मुकुंदला एकदाच, शांतपणे सांगितलं होतं, की ती हे घर सोडणार आहे. इतर कुणाला तिनं ते सांगितलं नव्हतं.

तिला मुकुंदचा मनस्वी राग आला. एकदा तिच्या वतीनं उत्तर दिलं ते दिलं आणि आता गप्प राहून पुन्हा तेच केलं. ती उठलीच होती, पण तिच्यातल्या शास्त्रज्ञानं तिला खाली बसवलं. या क्षणी तिच्या हाताशी फक्त जाण्याची कारणं होती. गेल्या तीन महिन्यांतलं तिला काहीच सापडत नव्हतं. आज सकाळी आपण या माणसाशी काय बोललो, हसलो असलो तर कशाला, तिला सांगता आलं नसतं. उद्या गोळी घेतली तर नेमकं उलटं होणार होतं. दोन्ही पारडी एकदम दिसतील अशी जागा तिच्या डोक्यात नव्हती. ती फक्त एकाच डोक्यात होती आणि ते डोकं दोन वर्षांपूर्वी फोन घेणाऱ्याचं होतं.

"तुला दोन्ही आठवतं," ती म्हणाली. "मी जावं की राहावं?"

मुकुंद म्हणाला, "ते मी नाही सांगणार. तुझं उत्तर मी एकदा दिलं, पुन्हा नाही."

"मग तीन महिन्यांत काय काय झालं ते सांग. पिष्टावर असताना ऐकलं, की ते इथं उतरेल. उत्तर माझं मी देईन." ती त्याच्याकडं रोखून बघत राहिली. "तू खोटं सांगितलंस तर मला कळणार नाही."

"ठाऊक आहे."

तो काय सांगेल याचा तिनं अंदाज बांधला होता. हसणं, फिरणं, एकत्र केलेली खरेदी, असं काहीतरी गोड निवडून तो पुढं ठेवील. तसं करायला त्याला काहीच आडकाठी नव्हती.

"तिसऱ्या दिवशी," मुकुंद म्हणाला, "तुला पलंगाखाली तुझी भरलेली बॅग सापडली. तू मला विचारलंस, आपण कुठं निघालो होतो का. खरं सांगितलं असतं तर तेव्हाच तुला सगळं कळलं असतं. मी म्हणालो, आंबोलीला जायचं ठरलंय. मग तीच बॅग घेऊन आपण खरंच आंबोलीला गेलो. तू फार खूश होतीस. वाटेत तुझ्याकडं बघवत नव्हतं मला."

शरयूला आंबोली आठवत नव्हती. बॅग आठवत होती. ती कशासाठी भरली होती, तेही आठवत होतं. तिनं कढई जवळ ओढली आणि ताटलीत आणखी खिचडी वाढून घेतली.

"पुढं सांग," ती म्हणाली.