तिथीची पाऊणपट

२००२ साली रत्नागिरीत, एस.टी. स्टँडजवळ माझं सायबर कॅफे होतं. एका दुपारी एक मुलगी दारात येऊन उभी राहिली.

"इथे काही विचारलं तरी कळतं ना?"

"विचारा तर."

"उद्या भाट्याला ओहोटी कधी? खाडीत मुळे-शिंपल्या काढायला जायचंय."

मी लगेच शोधून वेळ सांगितली. जरा ऐटीतच.

दुसऱ्या दिवशी ती परत आली. हातात रिकामी पाटी, सलवार गुडघ्यापर्यंत ओली.

"पाणी चढायला लागलं होतं. तुमच्या कॉम्प्युटरने समुद्राला कळवलं नव्हतं वाटतं!"

मी पुन्हा पाहिलं. ती वेळ मुंबईची होती.

"आई म्हणत होती," ती म्हणाली, "तिथीची पाऊणपट कर, भरतीची वेळ येते. आपल्याकडे त्याच्याही थोडी आधी. पुढे सहा तासांनी ओहोटी."

"मग मला कशाला विचारलंत?"

"आई बरोबर की तुम्ही, ते बघायचं होतं."

"पण तिथीवरून भरती कशी कळते?" मी कीबोर्डकडे वळलो. तिने त्यावर पाटीच ठेवली.

"थांबा की... आधी अंदाज करा. मग बघा."

तिचं नाव नम्रता. त्यानंतर ती येतच राहिली. हापूसच्या गरात पांढरा साका का होतो, कातळावरच्या विहिरीला पाणी कुठून येतं... आधी दोघांचा अंदाज, मग कॉम्प्युटर. हरेल त्याने कोकम सरबत पाजायचं. एकदा उत्तर ठाऊक असून मी मुद्दाम हरलो. तिने ओळखलं.

"सरबत पाजायचंय तर सरळ सांगा ना, गुरुप्रसाद!"

दिवाळीनंतर तिला मुंबईचं स्थळ सांगून आलं. तिने ते मला सांगितलं. मी खुर्ची तिच्याकडे वळवली.

"नम्रता... माझ्याशी लग्न करशील?"

"आधी अंदाज."

"...हो?"

ती हसली नाही. "रविवारी ते लोक बघायला येतायत. उद्या ओहोटीला भाट्याला या, तिथे सांगते. वेळ मात्र तुमची तुम्ही काढायची."

मी कॉम्प्युटर लावलाच नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी पाहिली, पाऊणपट केली, सहा तास मिळवले. पण चुकलो तर? म्हणून बराच आधी गेलो. पाणी अजून वर होतं. आणि नम्रता सुरूच्या झाडाच्या सावलीत बसलेली होती.

"हिशेब चुकला तुमचा."

"तुझाही चुकला."

"माझा कुठे? तुम्ही घाबरून लवकर येणार, हाच माझा अंदाज होता." ती ओढणीची वाळू झटकत उठली. "आणि तुमचा कालचा अंदाज... बरोबर आहे."

वीस वर्षं संसार केला आम्ही. नम्रता जाऊन आता दुसरा पावसाळा. भाट्याची भरती-ओहोटी हल्ली फोनच सांगतो. तरी मी आधी तिथी बघतो, पाऊणपट करतो, मग फोन उघडतो.

आणि ओहोटीच्या बराच आधी जाऊन सुरूखाली बसतो.