आधी कान

घाटंजीच्या बाजाराचा दिवस होता. १९५९ चा उन्हाळा. यवतमाळला मी शिकवत असे त्या शाळेला सुट्टी लागली होती, म्हणून मी घरी होते. माझे वडील, नागोराव पेंटर, दुकानांच्या पाट्या रंगवत. पण तालुका त्यांना ओळखायचा तो मेलेल्या माणसांच्या तसबिरींसाठी. ज्यांचा कधी फोटो निघाला नाही, त्यांचा चेहरा घरच्यांनी सांगायचा आणि बाबांनी काढायचा.

सुरुवात ते कानापासून करत. "ऐकू आलं तरच बसंल ना तो," म्हणत.

त्या दिवशी तांड्यावरची रुपीबाई नवऱ्याची तसबीर करायला आली होती. बाबांनी कापडावर कान काढला, कुंचला खाली ठेवला आणि म्हणाले, "सांग त्याले."

"तुमी गेले," रुपीबाई कापडाकडे न बघता म्हणाली.

"गेले नको म्हणू. माणूस बाजारातही जाते. मेले म्हण."

"जित्तेपणी रोज मेल्या म्हणत होती बाप्पा. आता जीभच वळत नाही."

"वळव. नाही सांगितलं तर तो कापडात मावत नाही."

तिनं पदर चावला, सोडला. "तुमी मेले."

बाबांनी मान खाली घालून त्या माणसाच्या वतीनं उत्तर दिलं, "बरं." मग रंग कालवायला घेतले.

मी पुस्तकाआड हसू दाबलं होतं. ती गेल्यावर विचारलं, "बाबा, खरं मानता तुम्ही हे?"

"तू शाळंत शास्त्र शिकवतं, तुले काय सांगू? माह्यं काम असं चालते."

संध्याकाळी त्यांनी नवं कापड चौकटीवर ताणलं, सरस-खडूच्या अस्तराचा हात दिला आणि दाराजवळच्या भिंतीला टेकवलं. जेवताना अंबाडीच्या भाजीत मीठ कमी म्हणून इंदूआत्याला चिडवलं. ती त्यांची मोठी बहीण, आमच्याकडेच राहायची.

दुसऱ्या दिवशी पेठेत पाटी रंगवता रंगवता ते शिडीवरून उतरले, दुकानाच्या पायरीवर बसले आणि उठले नाहीत. पाटीवर 'किराणा'तला शेवटचा काना राहून गेला होता.

धम्मदीक्षा घेतल्यापासून आमच्या घरातून पिंड आणि कावळा सुटला होता. वंदना झाली. माणसं येऊन बसत. "गेले हो." "सोडून गेले नागोराव." मी मान हलवत होते. मला एकच गोष्ट खात होती. गावभराचे चेहरे काढणाऱ्या या माणसाचा एकही फोटो नव्हता. मी त्यांचा चेहरा विसरले, तर तो पुन्हा कुठे बघायचा?

तेव्हा कापडाकडे लक्ष गेलं. त्यावर एक कान होता. पाळी फाटलेला. लहानपणी बैलाचं शिंग लागून बाबांच्या उजव्या कानाची पाळी फाटली होती.

जायच्या आदल्या संध्याकाळी आरशात बघून त्यांनीच काढला असेल, असं मी स्वतःला समजावलं. पण आरशात बघून काढलेला उजवा कान कापडाच्या उजव्या अंगाला यायला हवा होता. हा डावीकडे होता; आम्ही समोर बसून त्यांना बघायचो तसा.

त्या दुपारी आत्या कुणाला तरी म्हणाली, "कपायावर देवीचा वण होता माह्या भावाच्या." सकाळी कापडावर कपाळ होतं, आणि त्यावर वण.

"आत्या, तू हात लावलास याला?"

"मी कायले लावू व? मले तं धड रांगोळीही येत नाही."

डब्यातले कुंचले वाळून काड्यांसारखे कडक झाले होते. कापडावरचा रंग मात्र ओला होता. बोटाला जवसाच्या तेलाचा वास आला.

भीती वाटायला हवी होती. मी मात्र रोज त्याच्यासमोर बसून सांगू लागले: जाड भुवया, उन्हानं रापलेलं नाक, एका डोळ्याची पापणी जराशी उतरलेली. सांगितलेलं सगळं सकाळी तिथे असायचं. तोंड तेवढं कोरं राहिलं. चेहरा परत मिळत होता. मला आणखी काही नको होतं.

मग न सांगता मान आली. खांदा आला. दंड चौकटीच्या कडेपर्यंत उतरला.

एका सकाळी चौकटीच्या बाहेर, सारवलेल्या भिंतीवर, अंगठा होता. नखात निळा रंग अडकलेला.

आत्यानं तो जवळ जाऊन पाहिला. "नलू, त्याले कोणी सांगितलंच नाही व."

"तू सांग."

"कडेवर घेऊन फिरवलं म्या त्याले. माह्या तोंडून नाही निघत. तू लेक आहे."

सांगितलं की हे थांबणार, एवढं मला कळत होतं. तरी मी कापडासमोर बसले आणि वर्गात बोलते तशा नीट मराठीत म्हणाले, "बाबा, तुम्ही गेलात."

दुसऱ्या सकाळी भिंतीवर पूर्ण हात होता. बोटं दाराच्या कडीवर टेकली होती.

बाजाराचा दिवस होता.

आत्यानं माझं मनगट धरलं. मी वर पाहिलं.

तोंड आलं होतं.

ओठ घट्ट मिटलेले. 'बरं' म्हणण्याआधी मिटतात तसे.

"बाबा," मी म्हटलं, "तुम्ही मेलात."