ब्राउलॉफ्ट

पुणतांब्याच्या अंगदने जरबेराची रोपं उसाच्या बेण्यासारखी खोल गाडली आणि पंधरा दिवसांत निम्मी सडली. मग डोकं खाजवत तो रोपांच्या खोक्यातलं माहितीपत्रक घेऊन देवळाली प्रवऱ्याच्या एका नर्सरीत आला. कागद होता डच भाषेत. तो वाचू शकणारी तिथं एकटी पंकजा, नर्सरीत कामाला असलेली. दोन वर्षं फुलशेती शिकायला ती हॉलंडला जाणार होती, म्हणून ती भाषा शिकत होती.

"रोपाचा गड्डा मातीच्या वर राहिला पाहिजे," तिने वाचून सांगितलं. "हा ऊस नाही."

"व्हय... आता कळलं," तो म्हणाला आणि असा हसला, की पुढच्या ओळीवरचं तिचं बोट तिथंच थांबलं.

चार पानांचा कागद. शहाण्या माणसांना एक बैठक पुरली असती. या दोघांना पाच महिने लागले. दर गुरुवारी तो यायचा, एक परिच्छेद ऐकायचा आणि चहा गार करून जायचा. रोपं भरणाऱ्या भागूबाई म्हणायच्या, शेतकरी लई अभ्यासू हाय. पंकजा हसण्यावारी न्यायची, पण बुधवारपासूनच तिचा जीव थाऱ्यावर नसायचा. आणि हा मेला तोंड उघडेल तर शपथ!

कागद संपला. तिला जायला आठ दिवस उरले, तरी गुरुवारी तो आलाच. शेडमध्ये धुकं सोडणारे फॉगर सुरू होते. तिच्या केसांवर बारीक तुषार बसत होते. तो तेच बघत राहिला... मग म्हणाला, "तिकडं लग्नाला काय म्हनत्यात?"

"ब्राउलॉफ्ट."

त्याच्याकडे न बघता तिने फोड करून सांगितली. फार जुना शब्द, जर्मन कुळातला. पहिला अर्धा नवरीचा, दुसरा धावण्याचा. पूर्वी नवरीला बापाच्या घरून नवऱ्याच्या घरी लगबगीने मिरवत न्यायचे, त्यावरून पडला म्हणतात.

"म्हंजी आपली वरातच की. पर हितं तर नवरीच आधी निघाली..."

बोल रे, आता तरी बोल, ती मनात म्हणाली.

"दोन वर्सांनी... इमानतळावर मी येऊ का आनायला?"

"बाबा येणार आहेत."

"मंग त्यांच्या गाडीमागं येतो."

"मागून कशाला?" ती म्हणाली. "रविवारी घरी या. बाबांना भेटायला. मी जायच्या आधी."

त्याने मान डोलावली. दोन वर्षं ती या जाण्यासाठी झुरली होती. आता तिकीट हातात होतं आणि तिचा पाय निघत नव्हता.