धूर मोजणारा कारकून

त्रिशलानं झोपडीचं तट्ट्याचं दार बाजूला सारलं, तर समोर एक तरुण धापा टाकत उभा. मागं डोली घेतलेली दोन माणसं. सकाळची कोवळी उन्हं पसरली होती, गवतावर अजून दव होतं आणि हा गडी मात्र घामानं निथळत होता.

"कोण... कोण आजारी हाय?"

"कुणी न्हाय की."

"मग चूल का पेटली न्हाय? ह्या आख्ख्या ओळीत एक चूल पेटली न्हाय."

त्रिशलानं त्याला निरखून पाहिलं. "पावणं, तुमी कोण म्हणायचं?"

"धनपाल. शिरोळचा. दरबारचा कारकून."

"म्हंजे जैनाचंच लेकरू की. आन् आज चतुर्दशी हाय, सगळ्यांस्नी उपास हाय, ह्ये ठाऊक न्हाय व्हय?"

इंग्रजी तारखा लिहून लिहून बिचारा तिथीच विसरला होता. डोलीवाले तोंड फिरवून हसायला लागले. धनपालचे कान लाल झाले, आणि ते लाल कान बघून त्रिशलालाही हसू आवरेना. गाठीच्या तापाची साथ आल्यापासून ती पहिल्यांदाच अशी खळखळून हसली असेल.

कोल्हापूरच्या महाराजांना गादीवर येऊन चार-पाच वर्षं झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. प्लेगच्या भीतीनं शहर रिकामं झालं होतं आणि माणसं उचगावच्या अंगाला माळावर झोपड्या घालून राहिली होती. पुढं म्हातारपणी कुणी त्या सालाचा विषय काढला, की बाकीचे कोण कोण गेलं ते आठवायचे. त्रिशलाला मात्र माळावरची ती कोवळी उन्हं आठवायची, आणि त्याची तिला थोडी लाजही वाटायची.

आपल्याकडं सोपवलेल्या वस्तीचं बरं चाललंय की वाईट, हे धनपालला रोजच्या रोज कळायला हवं होतं. दारोदार विचारलं तर सगळे म्हणायचे, आमच्यात कुणी आजारी नाही. दवाखान्याच्या भीतीनं माणसं आजार गोधडीखाली लपवत होती. मग त्यानं स्वतःच एक युक्ती काढली. उजाडताना टेकाडावर उभं राहायचं आणि कुठल्या झोपडीतून धूर निघतो, कुठल्या नाही, ते बघायचं. जिथं चूल थंड, तिथं घरची बाई अंथरुणावर असणार. आधी प्लेगच्या कामावरचा साहेब त्याला हसला. पण दोन-तीन आजारी माणसं अशी वेळेत सापडली, तेव्हा त्यानं मुकाट्यानं डोलीवाले दिले. लोकांनी मात्र त्याचं नाव धूरमोज्या ठेवलं.

चतुर्दशी होऊन गेली, तरी त्रिशलाची चूल अधूनमधून उशिरा पेटायला लागली. कधी लाकडं ओली, कधी आगकाडी संपलेली. दर वेळी धनपाल टेकाडावरून उतरून दारात हजर, आणि दर वेळी तिची वेणी आधीच घालून झालेली. आई मागच्याच वर्षी गेली होती आणि आप्पा, म्हणजे तिचे वडील शांतिनाथ, पहाटेच शेताकडं जायचे, त्यामुळं विचारणारं कुणी नव्हतं.

"आज काय झालं?" त्यानं एकदा विचारलं.

"धूरच निघंना झालाय. तुमीच बघा की फुंकून."

त्यानंही फुंकणी हातात घेतली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत फुंकली आणि जायचं विसरून गेला. त्या सकाळी पलीकडच्या ओळीत खैरुनबी नावाची एकटी बाई तापानं फणफणत पडली होती. धनपाल तिथं पोचला तो दुपारी. खैरुनबी मरता मरता वाचली.

संध्याकाळी तो त्रिशलाच्या दारात आला. बसला नाही. त्रिशलाला तिथंच धरणीत गडप व्हावंसं वाटलं.

"चूक माझी हाय," तो म्हणाला. "तुमची लाकडं वाळलेली असायची, ह्ये मला कळत हुतं. कळत हुतं तरी... मी येत हुतो."

"माझी चूल आता कधी खोटं बोलायची न्हाय," ती खाली मान घालून म्हणाली.

तेव्हापासून माळावरचा पहिला धूर तिचा असायचा. धनपाल टेकाडावर उभा राहायचा, ती अंगणात, आणि तेवढ्या लांबून एकमेकांकडं बघणं चालायचं.

मग एका सकाळी आप्पा उठलेच नाहीत. अंग विस्तवासारखं तापलं होतं आणि काखेत गाठ आली होती. त्यांनी लेकीचा हात धरला.

"चूल पेटव. धूर दिसू दे. त्या दवाखान्यातनं कोण माघारी आलंय?"

त्रिशलानं काडी ओढायला घेतली, आणि तशीच खाली ठेवली. आप्पा कधी माफ करणार नाहीत, हे तिला ठाऊक होतं. धूरमोज्याला पुन्हा चेष्टा वाटली तर? जीव मुठीत धरून ती पायवाटेकडं बघत बसली.

तो पळतच आला. डोली सोबत होती.

"आज..." तिनं थंड चुलीकडं बोट केलं.

"ठाऊक हाय. तुमी सबूद दिला हुता."

डोलीत ठेवताना आप्पांनी लेकीकडं पाहिलं नाही. तोंड पलीकडं वळवलं. ते तिच्या जिव्हारी इतकं लागलं की रडूही येईना.

आजाऱ्यापाशी राहिलेली म्हणून तिलाही कुंपणाआडच्या झोपडीत ठेवलं. धनपाल रोज कुंपणापाशी यायचा आणि खरं तेच सांगायचा. आज ताप चढलाय. आज शुद्ध नाही. एकदा ती कळवळून म्हणाली, खोटं खोटं तरी बरं हाय म्हणा.

"तुमास्नी न्हाय सांगता यायचं मला खोटं," तो म्हणाला, आणि कुंपणाच्या काठीवर ठेवलेल्या तिच्या बोटांशेजारी त्यानं आपली बोटं ठेवली. तिनं हात काढला नाही.

एके दिवशी तो नेहमीपेक्षा लवकर आला. त्रिशला धावत कुंपणापाशी आली.

"आप्पांनी भांडण काढलं," तो म्हणाला. "सूर्य मावळल्यावर पेज आणली, जैनाला रातचं खाणं चालतं व्हय, म्हणून वाटी माघारी धाडली. दवाखाना डोक्यावर घेतलाय."

ती हसली, रडली, पुन्हा हसली. आप्पा जगले होते.

"आन् मी... मी तिथंच तुमाला मागितलं. खाटंशेजारी उभं ऱ्हाऊन."

त्रिशलाचं हसू थांबलं. "माझं नाव तरी घेतलं का त्यांनी?"

"म्हणाले, जिनं मला हितं धाडून जगवलं, तिलाच इचार. आन् म्हणाले, तिला म्हणावं, लवकर ये, म्हातारा वाट बघतोय."

तिनं पदरात तोंड लपवलं. खांदे हलत होते. धनपाल घाबरला.

"म्हंजे... न्हाय?"

"व्हय म्हणते की," ती पदराआडून म्हणाली, "जरा रडू तर द्या."