भिलाचा टाक

बसा नीट, पोरांनो. ज्याला अंगणात जाऊन यायचं असेल त्याने आत्ताच जाऊन यावं, नंतर एकटं जायला कोणी तयार होणार नाही. ही गोष्ट भाईदासची बायको सिंधुबाई हिने म्हातारपणी माझ्या आईला सांगितली. मी तिथेच शेंगा फोडत बसलो होतो, म्हणून उगाच शंका काढू नका.

सन सत्तेचाळीस, होळीची रात्र. भाईदास प्रकाशा गावी सोनाराकडे गेला होता, शेजारच्या जसोदाबाईच्या घरचे वीर उजळून आणायला. तुम्ही मोबाइलवाले, तुम्हाला वीर काय माहीत? घरातला जो लढाईत जखमेने मेला, तो वीर. चांदीच्या चौकोनी पत्र्यावर त्याची मूर्ती ठोकतात, तो टाक. टाक देवघरात बसतो आणि धुळवडीला वाजतगाजत मिरवतो. जसोदाबाईच्या घरचा नियम कडक. रक्त सांडलं तरच टाक. आणि लढाईत मेलेल्याला टाक मिळाला नाही, तर तो वाटेवर भटकत राहतो.

तिचा एकुलता एक भिला ब्रह्मदेशात कामी आला होता. भाईदास त्याच्याच पलटणीत. तो परत आला तेव्हा म्हातारीने एवढंच विचारलं होतं, "रगत निंघनं का रे?"

"नई काकी," भाईदास म्हणाला होता. "नुसता धमाकाना बॉम्ब व्हता. अंगवर ओरखडा नई. झोपेल माणूससारखा ग्या."

रक्त नाही, तर भिलाला टाक नाही.

खोटं होतं ते. हातबॉम्ब दोन जातींचे असतात, हे भाईदासकडून पलटणीत घोकून घेतलं होतं. एक पातळ कवचाचा, नुसता धमाका करणारा. खंदकात नाहीतर बंद खोलीत टाकला, तर हवेच्या धक्क्यानेच आतला माणूस मरतो आणि अंगावर खूण राहत नाही. उघड्यावर त्याचा मार थोडक्यात संपतो, म्हणून धावून जाताना तो वापरायचा. दुसरा जाड बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, सीताफळासारखा खाचाखाचांचा. तो फुटला की बिडाचे तुकडे लांबवर उडतात, फेकणाऱ्यालाही सोडत नाहीत. तो आडोशाला राहून फेकायचा, आणि पुढे आपला माणूस नसताना.

त्या दिवशी पलटण उघड्या माळावर धावत होती. भिला पुढे होता. भाईदासची पाचावर धारण बसली आणि हात चुकीच्या बॉम्बवर गेला. फेकून तो स्वतः बांधाआड पडला. भिलाला कुठला बांध? तुकडे पोटात गेले. दुपारचा पडलेला माणूस दिवस मावळेपर्यंत माय माय करत होता, आणि भाईदास शेजारी बसून तोंड दाबत होता. स्वतःचं नव्हे, भिलाचं. दुसऱ्या कोणी ऐकू नये म्हणून.

आता जखम म्हटली की कशाची, कोणाच्या बॉम्बची, हा प्रश्न आलाच. म्हणून त्याने जखमच पुसून टाकली. असा भेकड.

तर टाकांची पुरचुंडी कंबरेला बांधून भाईदास तापीकाठच्या वाटेने परतत होता. गावोगावच्या होळ्या विझत आल्या होत्या. चांदणं असं की बाभळीचा काटा दिसावा. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, इथे तर बाहेरही होतं.

मागे पावलं वाजली.

तो थांबला. पावलं थांबली नाहीत. ती आली... आणि त्याच्या डाव्या अंगाला, जोडीने चालू लागली.

"भाईदास," आवाज ओळखीचा होता. "सकाय वीर निंघतीन."

भाईदासने मान वळवली नाही.

"मायले खरं सांग."

"सांगसू..."

"कव्हय?"

"आते. आतेच सांगसू, भो."

"मन्हं पोट दखाडू का?"

भाईदास पळाला. दम तुटला. पावलं चालतच होती. चालत होती... आणि तरी जोडीनेच होती.

जसोदाबाई दारातच बसली होती. तिने पुरचुंडी घेतली, कपाळाला लावली.

"ऊना का रे बेटा? पानी पे." तिने तांब्या पुढे केला. "मन्हा भिला ग्या, पन तू शे. माले तूच भिला."

भाईदासने तोंड उघडलं. अंगणात, त्याच्या पाठीशी, कोणीतरी श्वास धरून उभं होतं.

"काय सांगी ऱ्हायनास?"

भाईदासने तांब्या तोंडाला लावला, खाली ठेवला.

"काई नई, काकी."

पाठीमागचा श्वास सुटला.

घरी येऊन त्याने बायकोला सगळं सांगितलं. सगळं, तोंड दाबल्याचंसुद्धा. ती म्हणाली, आत्ता जा, म्हातारीला उठव. तो म्हणाला, सकाळी. मग पोट धरून आडवा झाला. माय... माय... कोंबडं आरवायच्या आत संपला. सिंधुबाईने आपल्या हाताने त्याला आंघोळ घातली. अंगावर ओरखडा नव्हता.

तिसऱ्या दिवशी माणसांनी राख सावडली आणि पंच्यात काहीतरी बांधून घरी आणलं. सिंधुबाई आणि जसोदाबाईसमोर गाठ सोडली. आत बिडाचे तुकडे होते. चौकोनी, खाचेवर फुटलेले, ओंजळभर.

लोक हळहळले. लढाईतलं लोखंड पोटात घेऊन गडी जगला, म्हणाले, आणि कधी हूं केलं नाही. हा खरा वीर. पुढच्या धुळवडीला त्याचा टाक मिरवला. सिंधुबाई बोलली नाही. वीराची विधवा म्हणून गावात मान होता, आणि खरं सांगितलं असतं तर म्हातारीच्या तोंडाकडे कुठल्या डोळ्यांनी पाहायचं?

पण मला रात्री आठवते ती जसोदाबाई. तिने त्यातला एक तुकडा उचलला. पदराने पुसला. खूप वेळ तळहातावर धरून बसली.

"मन्हा भिलाना नशीबमा हाई बी नव्हतं," ती म्हणाली.

राख केव्हाच गार झाली होती. म्हातारीच्या तळहाताला मात्र चौकोनी फोड आला, आणि तो ती मरेपर्यंत बरा झाला नाही.