दहा ग्रॅमचं निमित्त

टक्.

शुक्रवारची दुपार, लाईट गेलेली, बदलापूरचा आमचा फ्लॅट अगदी गप्प. मी ओट्याशी कणीक भिजवत होते, आणि आतल्या खोलीत फरशीवर काहीतरी बारीकसं पडलं.

"ओवी?"

"काही नाही."

पाच वर्षांच्या मुलीचं 'काही नाही'… मी हसले आणि मळत राहिले.

मग लाईट आली, पंखा सुरू झाला. खड… खड… खड. माझे हात परातीतच थांबले. हा पंखा कधी आवाज करत नाही. अनीशने त्याला गप्प केलं होतं.

अनीश, माझा नवरा. ओवी तीन वर्षांची असताना साध्या तापाचं निमित्त झालं आणि गेला. तिला मी सांगितलंय, बाबा लांब कामावर गेलाय. सासूबाई म्हणतात, "सांगून टाक गं मैत्रेयी. पोर दाराकडे बघत मोठी होईल." मी म्हणते, सांगते. आणि तिला थोपटताना दरवेळी दुसरंच सांगत बसते — आम्ही भेटलो ती गोष्ट, थेट या पंख्यापर्यंत.

तेव्हा मी अंबरनाथला, माहेरी. पप्पांची जुनी गाडी नुकतीच चालवायला शिकले होते. जरा वेग घेतला की स्टेअरिंग थरथरायचं. उल्हासनगरला, कॅम्प दोनमधल्या टायरच्या दुकानासमोर थांबले, तर एकजण हात पुसत बाहेर आला. माझ्याकडे बघितलं, मग स्टेअरिंगकडे.

"साठच्या वर थरथरते?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"तुमचे हात अजून थरथरतायत, मॅडम."

त्याने चाक काढून मशीनवर चढवलं, गरागरा फिरवलं, आणि नखाएवढं एक वजन रिमच्या कडेला ठोकून बसवलं. "पडलं होतं. एक बाजू हलकी झाली की चाक असं रुसतं."

"एवढ्याशाने?"

"रुसायला किती लागतं?" म्हणाला, आणि खाली बघून हसला… घरी पोचेपर्यंत गाडी एकदाही थरथरली नाही. मीच थरथरत होते.

पुढच्या शनिवारी मी परत गेले. "पुन्हा पडलं हो."

त्याच्या पुढच्या शनिवारीही.

त्या दिवशी तो चाकापाशी उकिडवा बसला आणि बराच वेळ रिम बघत राहिला. "मॅडम… आपोआप पडलेलं वजन ओरखडा ठेवून जात नाही."

माझे कान तापले. "उंदीर असेल. पार्किंगमध्ये खूप आहेत."

"स्क्रूड्रायव्हरवाले?"

मी कुठे बघू, ते मला कळेना. तो उठला नाही. चाकाशीच बोलल्यासारखा हळू म्हणाला, "असं काढून गाडी चालवू नका ना. तुम्ही गेलात की मी दिवसभर… टेन्शनमध्ये असतो. नुसत्या या. कटिंग चहा पाजतो."

"आणि पप्पांनी विचारलं, कशाला जातेस, तर?"

"सांगा, हवा चेक करायला. हवेचं काय, रोज चेक केली तरी चालते."

मी रोज हवा चेक केली. पप्पांना कळायचं ते कळलंच.

लग्नानंतर या फ्लॅटमध्ये आलो, तर पहिल्याच दिवशी हा पंखा डगडगायला लागला. अनीश स्टुलावर चढला. "कणकेचा गोळा दे."

"पंखा जेवणार?"

"दे तर."

एकेका पात्याला तो कणीक चिकटवायचा — "लाव… बंद कर… लाव" — जिथे पंखा गप्प झाला, ते हलकं पातं. मग खिशातून मागे चिकटपट्टी असलेलं वजन काढून पात्याच्या खालच्या बाजूला लावलं. दहा ग्रॅमचं.

"वरून लावतात रे. खालून दिसेल की."

"दिसू दे. उशीवर डोकं टेकलं की दिसेल तुला. मी लावलेली वजनं काढून टाकणारीला… एक कायमचं."

तो गेल्यापासून मी त्या दहा ग्रॅमकडे बघतच झोपते.

कणकेच्या हातानेच आत धावले. ओवी पलंगावर उभी, शेजारी जळमटं काढायचा लांब झाडू. मी आधी पंखा बंद केला. पातं फिरता फिरता थांबलं. खालच्या बाजूला एक चौकोनी डाग, आणि त्याच्या बाजूने पांढऱ्या रंगावर ओरखडा.

"पडलं," ओवी म्हणाली.

"आपोआप?"

तिने आधी हो म्हणून मान हलवली, मग नाही म्हणून. मूठ उघडली. करडं वजन घामाने ओलं झालं होतं. मी रागवणार, तेवढ्यात तिच्यामागचं स्टूल दिसलं. बाथरूममधून ओढत आणून तिने ते बरोबर पंख्याखाली ठेवलं होतं. वर चढणाऱ्यासाठी पुसूनही घेतलं होतं, ओला फडका तिथेच पडलेला.

"तू काढायचीस ना गं आई… मग तो भेटायचा. मी पण काढलं."

मी पलंगाच्या कडेला बसले. ती जवळ आली, माझ्या बोटांना लागलेली कणीक तिने निरखून बघितली, आणि खुश झाली.

"एवढी पुरेल त्याला? …आई, बाबा आता कधी येणार?"