जाळीखालची कुमुदिनी

फुलं एकशे बारा. बिया शून्य.

सगुणाने पुन्हा पाहिलं. शून्यच!

भंडाऱ्याकडच्या त्या उथळ तलावात दोन कप्पे होते. एक सगुणाचा, दुसरा तिची मामेबहीण तारिणी हिचा. दोघींनी एकेका रोपाचे तुकडे लावून कप्पाभर कुमुदिनी (उथळ गोड्या पाण्यात वाढणारी, झालरदार पांढऱ्या फुलांची वनस्पती) वाढवली होती. जिच्या बिया आधी पिकतील, तिच्याच बिया चंद्रावरच्या पहिल्या तळ्यात पेरल्या जाणार होत्या.

पण मधमाश्या सदा तारिणीच्या कप्प्यात! सगुणाचा नुसता जळफळाट व्हायचा. तिच्या फुलांवर लोळलेली माशी माझ्याकडे नकोच, म्हणून ती रोज फुलं उमलण्याआधी आपल्या कप्प्यावर मासे धरायची बारीक जाळी पसरायची.

हिच्या फुलात असं आहे तरी काय? सगुणाने हळूच एक खुडलं.

"चोरटे! काय करतेस वं?" तारिणी ओरडली. "आधीच एक बी धरत नाही माझ्याकडं!"

तिच्याकडेही शून्य? सगुणाला फार बरं वाटलं.

तलाव राखणारा यंत्रमानव बगळ्या लांब पायांनी चिखल तुडवत आला. "दोघींचं एकेक फूल शेजारी धरा."

धरली.

सगुणाचं फूल: कुक्षी (पराग झेलणारं टोक) उंच, पुंकेसर (पराग देणारे) खाली.

तारिणीचं फूल: नेमकं उलटं.

"उंचावरचे पराग माशीच्या अंगावर जिथे चिकटतात, तिथेच दुसऱ्या फुलाची उंच कुक्षी टेकते. खालचे पराग खालच्या कुक्षीला," बगळ्या म्हणाला. "आपल्यासारख्याच फुलाचे पराग कुमुदिनी सहसा स्वीकारत नाही. वेगळ्यांची सरमिसळ झाली, की संकटात तगणारी रोपं निपजतात. माशी निरोप नेते. तिला अडवलं कोणी?"



"मी," सगुणा पुटपुटली. "जाळी."

"स्वतःचंही नुकसान केलंस, येडे!" तारिणीनेच जाळीचं दुसरं टोक उचललं.

बिया आधी पिकल्या तारिणीच्या. दोन दिवस आधी! सगुणा धुमसली, जेवली नाही. मग उठून तारिणीकडे गेली.

"त्यातले पराग माझेच आहेत, समजलं?"

"हो गं बाई. म्हणून तर तिकडे चंद्रावर दोन्ही तऱ्हांची रोपं उगवतील."

"मग उंच कुक्षीची जेवढी फुलतील," सगुणा ठसक्यात म्हणाली, "तेवढी माझ्यावर गेली!"